भीती वाटली तरी रमाबाई निघाल्या

आजचं वाचन: स्तोत्र 56



आजचं मनन जरा लांबलंय, आधीच सांगून ठेवते. लोकलमध्ये वाचणार असाल तर अर्धं जाताना वाचा आणि अर्धं येताना.

लोकलचा विषय निघालाच आहे तर खरं काय ते सांगते. गेले पाच आठवडे मी सकाळची फास्ट पकडलेली नाही. कल्याणला चढले होते, नेहमीच्याच लेडीज डब्यात. डोंबिवलीला गर्दी आत आली आणि अचानक मला श्वास घेता येईना. हात थंड पडले, कानात शिट्टी वाजायला लागली. आपण आता मरतोय असं अगदी स्पष्ट वाटलं. ठाण्याला कशीबशी उतरले आणि बाकावर बसून राहिले. एका अनोळखी मावशींनी पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, हा भीतीचा झटका होता. तेव्हापासून स्लो गाडीने जाते, अर्धा तास लवकर निघते आणि ऑफिसात कोणालाच खरं कारण सांगत नाही.

झटक्यापेक्षा जास्त लागलं ते त्यानंतरचं. आमच्या प्रार्थना गटात मी हे सांगितलं तेव्हा एक ताई प्रेमानेच म्हणाल्या की विश्वास असेल तिथे भीती राहत नाही, तेव्हा आपला विश्वास तपासून बघ. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण घरी येऊन मी खूप रडले. आधी फक्त गर्दीची भीती होती. आता मी खरी विश्वासणारी नाहीच की काय, ही भीतीही येऊन बसली.

त्याच आठवड्यात वाचनक्रमात स्तोत्र 56 आलं. हे स्तोत्र कधीचं आहे ते वर लिहिलेलं असतं, आपण ते वाचतच नाही. पलिष्ट्यांनी दावीदाला गथ इथे धरलं तेव्हाचं. गथ म्हणजे गल्याथाचं गाव! ज्या पोराने गल्याथाला गोफणीने पाडलं, तोच पुढे शौलापासून पळताना गल्याथाच्या गावात जाऊन अडकतो. पहिलं शमुवेल 21 वाचा. दावीद राजाला इतका घाबरतो की वेड्याचं सोंग घेतो, दारं ओरबाडतो, दाढीवर लाळ गाळतो. आणि अशा माणसाने लिहिलेल्या स्तोत्रात तो भीती नाकारत नाही. मला भीती वाटते तेव्हा मी देवावर टाकतो, असा त्याचा अर्थ आहे. मी 'तेव्हा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. भीती गेल्यानंतरची ही गोष्ट नाही, ती अंगात असतानाची आहे.

मग मला पंडिता रमाबाई आठवल्या. (रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या आणि बाबासाहेबांच्या रमाबाई वेगळ्या, दर वेळी कोणीतरी विचारतंच.) लहानपणी आजी मला केडगावला घेऊन गेली होती. पुण्याच्या पुढे, दौंडच्या अलीकडे ते स्टेशन आहे. तिथल्या मुक्ती मिशनचा मोठा आवार, चिंचेची झाडं आणि दुपारी झोपमोड झाली म्हणून मी केलेली रडारड, एवढंच आठवतं. आजी मात्र फार हळू चालत होती, देवळात चालावं तशी. आता कळतं का ते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, 23 एप्रिलचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ, पण या गृहस्थांनी बायकोला शिकवलं आणि तिने मुलीला. लोकांचा त्रास नको म्हणून ते पश्चिम घाटातल्या जंगलात, गंगामूळला राहायला गेले. रमाबाई तिथेच जन्मल्या. पुढे पैसे संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, ते कायमचंच. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ होते.

मग दुष्काळ आला. पैसे गेले, भांडी गेली, दागिने गेले. दिवसेंदिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढले. वडील म्हातारे, दृष्टी गेलेली. त्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, पण असं करू नका. ब्राह्मणाच्या विद्वान मुलाने मजुरी करणं हे त्या घरात केवढं मोठं पाऊल असेल! पण उशीर झाला होता. वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. आईचा देह उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने तिरडीचा भार त्यांच्या खांद्यावर बसेना, म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला. स्मशान जवळ नव्हतं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. मोठी बहीणही पुढे कॉलऱ्याने गेली.

राहिले भाऊ-बहीण दोघंच. दोन हजार मैलांहून जास्त पायी फिरले. अंगावर पांघरूण नाही. पंजाबात झेलम नदीकाठी थंडी इतकी की दोघांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे केले, त्यात आडवे झाले आणि फक्त डोकी बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. रात्र अशी काढली.

हे वाचताना मी थांबले होते. स्वतःच्या हाताने कबर खणून त्यात ऊब शोधायची! आपल्याला एसी लोकल चुकली तरी दिवस खराब जातो.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती ही पदवी तिथे मिळाली. इथून पुढे सगळं चांगलं होईल असं वाटतं ना? 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो जातीने शूद्र मानला गेलेला, त्यामुळे दोन्हीकडच्या समाजाने बोट दाखवलं. 1881 मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं मूल, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे बायकांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशांवर 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. निघताना ख्रिस्ती होणार नाही असं ठामपणे सांगून निघाल्या होत्या, हेही लक्षात ठेवा.

आता जो भाग सांगते तो आपल्या सभांमध्ये फारसा कोणी सांगत नाही. रमाबाईंसोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण इंग्लंडला गेली होती. दोघी वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहत होत्या. परका देश, परकी भाषा. आपल्याला इथे जबरदस्तीने बाटवतील या भीतीने या मैत्रिणीचं मन पार ढासळलं. एका रात्री ती रमाबाईंच्याच जिवावर उठली आणि नंतर तिने स्वतःचं जीवन संपवलं. यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स मुल्लर यांच्या घरी राहिल्या तेव्हा त्यांची अवस्था अशी होती की रात्री त्यांना खोलीत एकटं सोडता येत नव्हतं. घरातली एक कामवाली रोज त्यांच्या खोलीत झोपायची.

ही तीच बाई आहे जिने आईची तिरडी डोक्यावर वाहिली. झेलमच्या वाळूत जी झोपली. तिला रात्री सोबत लागली, आणि कोणी तिला तुझा विश्वास तपास असं म्हटलं नाही. सोबतीला माणूस दिलं. (आमच्या ताई हे वाचत असतील तर रागावू नका, तुमच्यावर माझं प्रेम आहे.)

त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या दडपणाने घेतला असं समजू नका. लंडनमध्ये फुलहॅम इथे सिस्टर्सचं एक काम त्यांनी पाहिलं होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे प्रेमाने जवळ घेतलं जायचं. असं का करता, हे त्यांनी विचारलं आणि उत्तरादाखल योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट ऐकली. विहिरीवरची ती बाई, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. येशू तिच्याशी बोलतो. रमाबाईंनी भारतभर तीर्थं पाहिली होती, पण बाईशी असं बोलणारा कोणी त्यांना भेटला नव्हता.

पण बाप्तिस्म्याने भीती संपली, प्रश्न संपले, असं काही झालं नाही. चर्चच्या शिकवणीबद्दल त्या सिस्टर्सशी पत्रातून वाद घालत राहिल्या. आपला देव व्यक्तिगत तारणारा आहे ही खात्री आपल्याला बऱ्याच नंतर, 1891 च्या सुमारास झाली, असं त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलंय. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, असा काहीसा त्याचा आशय. म्हणजे आठ वर्षं! मला या आठ वर्षांचा फार आधार वाटतो.

डॉक्टर व्हायचं स्वप्नही राहिलंच. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नव्हतं. आणि इथे आपलं कल्याण येतं बघा. आनंदीबाई जोशी आपल्याच कल्याणची, त्यांचं माहेर इथलं. नवरा गोपाळराव पोस्टात होते. त्या रमाबाईंच्या नात्यातल्या होत्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली आणि तो समारंभ पाहायला रमाबाई लहान मनोरमेला घेऊन समुद्र ओलांडून गेल्या. स्वतःला जे मिळालं नाही ते दुसरीला मिळताना टाळ्या वाजवायला जाणं, याला मन लागतं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई क्षयाने गेल्या, बावीस वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

रमाबाई अमेरिकेत फिरल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. बरोबर तीन वर्षांनी, तीच तारीख. मुद्दाम होतं की योगायोग ते मला सांगता येणार नाही, पण दर 11 मार्चला स्टेशनवरून घरी येताना मला हे आठवतं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्यांचं महर्षी कर्व्यांशी लग्न झालं.

सदन पुण्याला हललं आणि 1893 मध्ये वादळ उठलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, काही ख्रिस्ताकडे वळतात, असा आरोप. केसरीने झोडपलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बाजू अनेक आहेत आणि त्या काळच्या पालकांची धास्तीही मी समजू शकते. आपली मुलगी कायमची दुरावेल असं कोणत्या आईला आवडेल? पण रमाबाईंनी आपल्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करायला नकार दिला. ज्यांना यायचं ते येतील, ज्यांना नाही त्यांनी येऊ नये.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. 1896. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंच्या हातात पैसे जेमतेम होते. सदनातल्या मुलींचाच खर्च कसा भागवायचा ही चिंता. शिवाय दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून माहीत नव्हतं. वडिलांचा, आईचा, बहिणीचा चेहरा त्या शब्दात होता. त्यांनी नंतर प्रामाणिकपणे लिहिलंय की आपण जाऊ नये, आपल्याला हे झेपणार नाही, असं मन सांगत होतं. घरी बसायची सगळी कारणं बरोबर होती. पण जी आठवण मागे ओढत होती तीच पुढे ढकलायलाही लागली. मी उपाशी होते तेव्हा कोणी आलं असतं तर? त्या निघाल्या.

तिथे त्यांनी दुष्काळी छावण्या आणि गरीबखाने पाहिले. हाडांचे सापळे झालेली माणसं, निवाऱ्याशिवाय पडलेली मुलं. आणि तरुण मुलींचे आणखी वेगळे हाल, कारण पोटासाठी त्यांना कोणीही कुठेही नेऊ शकत होतं. रमाबाई मुलींना गोळा करत गेल्या. मुली त्यांना घाबरायच्या! ही बाई आपल्याला नेऊन काय करेल, अशा अफवा असायच्या. भीती दोन्ही बाजूंनी होती म्हणायची. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. आजारी, खरजेने भरलेल्या, अन्न पाहून भांडणाऱ्या.

आणि तेवढ्यात पुण्यात प्लेग! इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. रमाबाईंनी आधी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवली होती, फळबागेसाठी. तिथेच मुलींना नेलं. आधी तात्पुरता निवारा, मग विहिरी, मग इमारती. असं मुक्ती सदन उभं राहिलं. कोणी आराखडा काढून केलेली ही योजना नव्हती. दुष्काळ आणि प्लेग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते घडलं.

प्लेगच्याच काळातली आणखी एक गोष्ट. सदनातल्या एका मुलीला संशयावरून प्लेगच्या इस्पितळात नेलं आणि ती परत आली नाही, तिचा पत्ताच लागेना. 1897 सालचं पुणं डोळ्यांपुढे आणा, सरकारचा केवढा दरारा. रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या पत्रात जाहीर पत्र लिहून इस्पितळातल्या बायकांच्या असुरक्षिततेबद्दल सरकारला जाब विचारला. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरने आरोप फेटाळले. त्या मागे हटल्या नाहीत. गोऱ्या मिशनऱ्यांच्या आश्रयाने राहणारी बाई म्हणून ज्यांनी त्यांना हिणवलं, त्यांनी हे पत्र विसरू नये.

1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या 2000 च्या आसपास गेली. रोज दोन हजार ताटं! शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. कर्ज काढायचं नाही आणि प्रार्थना करायची, ही रीत. दर सकाळी त्यांना धाकधूक वाटत नसेल असं मला नाही वाटत. दुपारचं धान्य संध्याकाळी पुरेल का हा प्रश्न विश्वासाने सुटत नाही, तो रोज नव्याने प्रार्थनेत न्यावा लागतो.

उरलेल्या वर्षांत त्यांनी पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम घेतलं. तेव्हाचं भाषांतर शेतातल्या, स्वयंपाकघरातल्या बाईला कठीण जातं असं त्यांना वाटायचं. म्हणून इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मुळापासून केलं. मुक्तीच्या मुलींनी खिळे जुळवले, मुलींनी छापलं. आपण रोज वाचतो ते भाषांतर वेगळं आहे, पण जुन्या घरांतून अजून रमाबाईंची प्रत सापडते. आमच्या आजीकडे होती, पाठीला गोंदाने चिकटवलेली.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. वाँटेजला आईसोबत बाप्तिस्मा घेतलेली, फिलाडेल्फियाच्या सभागृहात बसलेली, पुढे मुक्तीचा भार वाहणारी एकुलती एक मुलगी. आई, वडील, बहीण, भाऊ, मैत्रीण, नवरा, आणि आता हीसुद्धा. मृत्यूची जी भीती सोळाव्या वर्षापासून मागे लागली होती ती खरीच ठरत गेली होती, एक-एक करून. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. स्वतःची तब्येत ढासळलेली, कानांनी ऐकू येत नाही. शेवटची पानं तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 च्या पहाटे झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. छापलेलं संपूर्ण शास्त्र त्यांच्यानंतर, 1924 मध्ये बाहेर आलं.

या सोमवारी मी सात वाजता कल्याण स्टेशनवर गेले. फास्ट लागली होती. माझ्या बाजूला माझी मैत्रीण होती, मी तिला मुद्दाम बोलावलं होतं. अगदी ऑक्सफर्डच्या त्या कामवालीसारखी, सोबतीला. (हे तिला सांगितलं तर ती मला मारेल.) आम्ही चढलो. डोंबिवलीला गर्दी आत आली तेव्हा हात थंड पडले, पडायचे ते पडलेच. मी मनात स्तोत्र म्हणत राहिले, अर्ध्यावर विसरले, पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. ठाण्याला उतरावंसं फार वाटलं. मैत्रीण म्हणाली, उतरायचं तर उतरू, दुसरी गाडी पकडू. मी म्हटलं, घाटकोपरपर्यंत बघू.

घाटकोपरला उतरले. बुधवारी दादरपर्यंत गेले.

तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर मला लिहा. डॉक्टरकडे जायला लाजू नका, मीही जातेय. आणि गटात कोणी असं सांगितलं तर आधी त्यांच्या शेजारी बसा.

उद्याचं वाचन स्तोत्र 57. दावीद गथमधून सुटलाय आणि आता गुहेत लपलाय.